बिब्ब्याची खूण

देवानंद आफ्रिकेत एका मोठ्या देशाच्या फौजेचे कपडे धुतो.
नेमका कुठे, ते करारात लिहिलंय,
करार कंपनीजवळ.
मी इथे दारव्हा रोडला, थांब्यामागं इस्त्री करतो.
शुक्रवारी त्याचा फोन येतो.

मशीनच्या काचेतून वाळू फिरताना दिसते, म्हणतो.
खिशांत निघतं : गोळीचा चकचकीत कागद, नाणं,
एकदा लेकरानं काढलेलं कुत्र्याचं चित्र,
धुतल्यावर पाय तेवढे उरलेले.
कॉलरला पट्टी, पट्टीवर काळ्या रेघा.
यंत्र वाचतं, कोणता कोणाचा.

बाबा ऐकतात. उकंडा वरठी.
अडाणच्या धोंड्यावर चाळीस वर्षं.
बिब्ब्याची खूण करायचे :
पाटलाला दोन टिंबं, मास्तरला फुली,
कोतवालाला अर्धा चांद.
गाव मात्र डागांवरून कळायचं.
कोण बाळंत झाली, कोण रात्री
कोणाच्या धुऱ्यावरून आला.
तोंडातून शब्द काढला नाही कधी.

"मंग तुले तं सगळं मालूम असन,
थे कायले बसले तथी?"

देवानंदनं टीव्हीवरचा शब्द सांगितला : हितसंबंध.
बाबांनी तंबाखू चोळायची थांबवली.
"पोरगी देली का त्यायनं तथी?"
"नाई."
"केली?"
"नाई बाबा."
"मंग कायचा संबंध?"

एका मंगळवारी दोनशे जोड धुवायला आलेच नाहीत.
रात्रभर विमानं. तीन दिवस मशीन कोरड्या.
चौथ्या दिवशी गठ्ठे आले
आणि त्यानं आधी थंड पाणी सोडलं.
रक्ताला गरम पाणी लावू नये,
हे त्याला कोण्या कंपनीनं शिकवलेलं नाही.
रेघा वाचल्या यंत्रानं.
डाग कोणाचा, ते पट्टीवर नव्हतं.

साहेबाच्या खोलीत पडदे द्यायला गेला
तेव्हा भिंतीवर नकाशा दिसला, म्हणे.
त्याच्यावर काळी टिंबं. धावपट्ट्या असतील.
बाबांनी उजवा हात उलटा करून पाहिला,
अंगठ्यापाशी जुना वळ, बिब्बा उतल्याचा.
कापडावर चढते, म्हणाले, अन् आंगावर उतते.
मोबाईलमध्ये ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

कोळसे राखाडले होते. तहसीलच्या बाबूचा सदरा
अर्धा राहिलेला.
बाबांनी फोन परत मागितला.
"देवा, तथच्या लोकायचे कपडे कोन धुते रे?"

बराच वेळ नुसती खरखर.
"मालूम नाई बाबा.
थे कुंपनाच्या भाईर रायतेत."