चौसष्टांश

लिओपोल्दिनच्या दुकानात आणि माझ्या दुकानात
एकच भिंत, तीही फळ्यांची.
त्याच्याकडे तंबाखू, माझ्याकडे घड्याळं.
म्हापशातले लोक म्हणतात,
माझ्या हातचं घड्याळ कानाशी धरलं
की चिरुटाचा वास येतो.
येऊ दे.

जाडी मोजायची झाली की तो माझा कॅलिपर नेतो
आणि परत करायला विसरतो.
एका इंचाचे चौसष्ट भाग,
त्यातले किती, तो चिरुटाचा आकडा.
मी म्हटलं, हा तर आजोबांच्या वेळचा रुपया झाला,
चौसष्ट पैशांचा.
"मग हा अडतीस पैसे, हा पन्नास,
पण किंमत विचारू नकोस, पात्रांव."

क्लोतिल्द आली ती शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी.
पिशवीत सुके बांगडे, मेणबत्त्या, एक नारळ.
नवरा रुझार, बोटीवर ग्रीझर होता,
आता हळदोण्याच्या सिमेतरीत, नळाजवळच्या रांगेत.
"सगळ्यांत जास्त वेळ चालणारा दे," म्हणाली
आणि बोट ठेवलं सगळ्यांत लांब चिरुटावर.

"लांबीला भुलू नकोस, बाई.
हा सात इंच, पण अंगानं काडी.
भराभर तापतो, जीभ पोळवतो,
आणि चव सगळी वरच्या एका पानाची,
आतल्यांना बोलायला जागाच कुठाय?
हा बुटका बघ, पाच इंच.
पोटात चार जातींची पानं, धूर थंड.
आधी सुकं गवत, मग भाजकी काजूबी,
शेवटी कारलं. कारल्यापाशी थांबायचं."

"मला चव नको. वेळ सांग."

वेळ म्हटल्यावर मी भिंतीपलीकडून उठलो.
दोन दुपारी लिओपोल्दिननं ओढले, मी मोजले,
मिनिटाला एक झुरका, जास्त नाही.
लांब काडी: पन्नास मिनिटं.
बुटका: एक तास दोन.
तिनं बुटका नेला, रुमालात गुंडाळून.

पुढच्या शुक्रवारी तावातावानं परत.
"अकरा मिनिटांत विझला तुमचा तास!"
तिनं तो पेटवून दगडाच्या कडेवर ठेवला होता,
मेणबत्तीशेजारी.
"ओढला नाहीस?"
"मी? मी कशाला ओढू?"
लिओपोल्दिननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"ही सिगरेट नव्हे, बाई.
कुणी श्वास दिला नाही तर हा थांबतो."

मग ती बसली त्याच्या स्टुलावर,
गुडघे जुळवून, दंतवैद्याकडे बसावं तशी.
"गिळायचं नाही. तोंडात धर. सोड.
मिनिटाला एकदा. घाई केलीस तर कडू होईल,
विसरलीस तर विझेल."
मी फळीच्या फटीतून सांगत होतो: आता.
खोकली. डोळे पुसले.
आता.
कोपऱ्यात शिंकली.
आता.
अर्ध्यावर आल्यावर म्हणाली, "काजू.
हा खोटारडा मला म्हणायचा, बोटीत सगळ्याला डिझेलची चव येते."

तेव्हापासून दर शुक्रवारी एक बुटका, पन्नासचा.
लिओपोल्दिन तो आधीच बाजूला काढून ठेवतो,
उधारी लिहीत नाही, विचारलं तर बहिरा होतो.

काल ती घाईत होती.
"आज बारका दे. पाच वीसच्या बसनं परत यायचंय,
लेकीला बघायला माणसं येणार आहेत."
"पोळेल गो."
"पोळू दे."
कॅलिपर माझ्याकडेच होता, म्हणून मीच मोजून दिला:
अडतीस.

साडेचारला मी कुणाचंतरी लेडीज घड्याळ उघडून बसलो होतो,
डोळ्याला भिंग, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग.
गिऱ्हाईक नव्हतं. पलीकडे लिओपोल्दिन घोरत होता.
हळदोणं इथून अर्ध्या तासावर.
तरी मिनिटाला एकदा
मी हळूच म्हणत होतो, आता,
आणि स्प्रिंग दोनदा हातातून निसटली.