चित्र आहे, आवाज नाही

फाइल उघडते. आप्पा दिसतात.
गळ्यात झेंडूचा हार, हातात नारळ,
मागे प्रेसच्या कॅन्टीनची हिरवी भिंत.
ओठ हलतात.
आवाज नाही.

खरे आप्पा माझ्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत.
गळ्याच्या भोकावर पांढरा रुमाल, मांडीवर पाटी.
लिहितात :
ह्याचंही ऑपरेशन झालं का?

जेल रोडवर रात्रीचे साडेदहा.
सोपं सगळं आधी करून पाहिलं.
स्पीकरवरची लाल फुली काढली,
पिन उपसून फुंकर मारून परत खोचली,
बंद करून चालू केलं.
गाणं लावलं तर खणखणीत वाजतंय.
म्हणजे कॉम्प्युटर धडधाकट,
मुकी आहे ती हीच एक फाइल.

पडद्यावर चौकोन येतो :
या फाइलमधला आवाज मला उलगडता येत नाही.
इतकं सरळ तर डॉक्टरही बोलले नव्हते.

वरच्या गायधन्यांचा मल्हार फोनवर म्हणतो,
‘ताई, कोडेक नसेल. दुसरा प्लेअर टाक.’
टाकते.
एक्केचाळीस टक्क्यांवर नेट बसतं.
बसू दे.
चौतीस वर्षं आप्पांनी नोटांचे कागद मोजले,
सुटताना रोज गेटवर झडती दिली,
आतलं एक चिटोरं कधी बाहेर आलं नाही.
आणि बिटकोजवळच्या स्टुडिओवाल्याने
ही सीडी दिली तेव्हा
आम्ही ती कपाटात साड्यांखाली ठेवून दिली,
आवाज काय, घरातच होता.

बावन्न. सत्त्याहत्तर. झालं.

आधी पंख्याची घरघर येते.
मग स्टीलचे पेले, कुणाचा तरी खोकला,
जगताप काका : ‘अहो बोला की दोन शब्द!’
आणि मग तो.
मला आठवत होता त्याहून बारीक,
थोडा नाकातला, सिन्नरकडचा हेल असलेला :
‘मला काय बोलता येत नाही बुवा.
चहा गार होतोय. घ्या.’

टाळ्या.

मी मागे नेते. पुन्हा.
बोलता येत नाही बुवा. चहा गार होतोय.
पुन्हा.

आप्पा पाटी पुसतात, बाहीनेच.
खडू बराच वेळ नुसता टेकलेला.
मग लिहितात :
आवाज कमी कर.
मल्हारचा उद्या पेपर आहे.