अकरा नंबरचा मीटर

बिजूशी पाळी बदलून घेतली, तर तो म्हणाला,
गुरुवारची रात्र मागून कोण घेतं? कुणाचं लग्न?
एक आकडा यायचाय, मी म्हटलं.
त्याला वाटलं, लॉटरी.

फुजैराच्या टाक्यांमधल्या अकरा नंबरच्या मीटरवर
काचेआड आठ चाकं आहेत,
बॅरल मोजत फिरणारी.
तीन आठवडे वहीच्या मागच्या पानावर
मी गुणत होतो, ताशी इतके, जहाजं इतकी.
चुकलो फक्त चाळीस मिनिटांनी.

बाणकोटच्या शाळेत हमदुले सरांनी
फळाभर लिहिला होता तो:
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
मूळ संख्या, म्हणाले. कशानंच भाग जात नाही.
मग डस्टरनं शेवटचा तीन पुसला.
उरला तोही मूळ.
आणखी एक तीन. तोही.
एक गेला, नऊ गेला,
आम्ही भागाकार करत मागून धावतोय, सर पुसतायत,
शेवटी फळ्यावर एकटा सात,
खडूच्या धुरळ्यात उभा.

आता शेपटाला एक आकडा जोडून दाखवा, म्हणाले.
सम जोडा, दोनानं तुटेल. पाच जोडा, पाचानं.
एक किंवा सात जोडलात
तर अंकांची बेरीज तिनाच्या पाढ्यात जाऊन बसते.
तीन नि नऊ कागदावर बरेच दिवस टिकतात,
पण आतून तेही फुटलेले.
याच्यापुढे या जातीचा कुणी नाही.

व्हिसाच्या फॉर्मवर 'मूळ गाव' लिहिताना
मला अजून तो फळा दिसतो.

पावणेतीनला जहाज भरत आलं होतं.
झडप अर्धी मिटलेली, चाकं रेंगाळत होती.
एकतीस.
बत्तीस.
खमीस माझ्या खांद्यावरून अरबीत वाचत होता,
आधी तीन, मग तीस.
आमच्यातही तसंच, मी म्हटलं, तेहतीस.
तो हसला. कसला तेहतीस, त्यानं विचारलं नाही.

मी काचेवर तळहात ठेवला
आणि उजवीकडून झाकत गेलो
सातापर्यंत.
हात उचलला तेव्हा चौतीस झाले होते.
सम. पहिल्याच घावात दोन तुकडे.

लॉगबुकात तीन वाजताचा आकडा लिहितात.
मधला कुठेच नसतो.
म्हणून मी तो डाव्या हातमोज्यावर उतरवला,
बॉलपेननं, घाईत,
शेवटचे अंक मनगटाच्या घामाकडे घसरलेले.

आठवड्यानं मोजा धुलाईतून परत आला.
उजवी बाजू गेली होती.
७३९३ एवढंच लागत होतं.

खोलीवर पलंगाच्या खालच्या कप्प्यात बसून
मी पुन्हा भागायला घेतलं,
सातानं, अकरानं, तेरानं.
लागली का रे, बिजू विचारतो,
भात निवतोय.
थांब, म्हणतो मी, एकच राहिलाय,
त्र्याऐंशी.
एकोणनव्वद वेळा जातो.
सहा उरतात.