खोट

दार ओढलं आणि हँडल हातात आलं.
अधिकशेठ त्याच्याकडे बघत राहिले,
गिऱ्हाइकानं परत आणलेला दागिना बघावा तसे.

गाडी लाल. दोनच सीटं. छत नाही, कापडाची टोपी.
कोइमतूरला तीस वर्षं गलाई करून
शेठ विट्याला परत आले ते हिला घेऊन.
पोरं म्हणाली, आपण सात जण, बसायचं कुणी हिच्यात?
शेठ म्हणाले, घर बसतंय की घरात.

माझं दुकान खानापूर रस्त्याला, नदाफ कुशन वर्क्स.
आजा कापूस पिंजायचा, बाप गाद्या भरायचा,
मी ट्रकची सीटं करतो, ट्रॅक्टरची करतो,
कधी एखाद्या दवाखान्याचं बाकडं.
इतकी खाली बसणारी गाडी
दुकानाच्या पायरीनं पहिल्यांदाच बघितली.

पॅनेल खोललं.
जिचं इंजिन अजून
रेवणगावचा घाट तिसऱ्या गिअरवर हसत चढतं,
तिच्या दारात काय?
पुठ्ठा.
बुटाच्या खोक्याचा असतो, त्याहून जरासा जाड.
पाणी पिऊन फुगलेला, खालून पापुद्रे सुटलेला,
क्लिपांची भोकं फाटून एकमेकांत गेलेली.
समोरच्या कप्प्याला तर तळच नव्हता.
शेठनी सवयीनं चष्मा ठेवला, तो पायावर आला.

म्हटलं, शेठ, या विलायती माणसानं
सगळा जोर चाकात घातला,
आणि जिथं हात लागतो तिथं हात आखडला.

"कंपनीनं दिलं तसंच पायजे, दस्तगीर.
पुठ्ठा तर पुठ्ठा. अस्सल ते अस्सल."

मी काय बोलणार. चहा सांगितला.
चहा आल्यावर सहज विचारलं,
"शेठ, चोवीस कॅरटची बांगडी कोण करतंय का?"

शेठ बशीत फुंकत होते, ते थांबले.
तीस वर्षं भट्टीपुढं भाजलेला माणूस,
त्याला हे मी विचारावं.
"वाकती," म्हणाले. "पोरानं दात लावला तरी वळ उठतो.
तांबं घालावं लागतंय. खोट."
"मग?"
बराच वेळ बशीकडं बघितलं.
"किती घालशील?"

चार मिलिमीटर प्लाय, पाण्याला न भिणारा.
हँडलाच्या पाठीशी ॲल्युमिनियमची पट्टी, आरपार बोल्ट.
कप्प्याला पत्र्याचा तळ, वर नमद्याची घडी,
म्हणजे चष्मा ठेवला तर आवाज नको.
रेक्झीन मात्र तेच, काळं, जुनं,
आणि सुई जुन्याच भोकांतनं घातली.
बोटं सांगत होती, शिवणारा डावखुरा होता.

तेच रेक्झीन सोडवताना
पुठ्ठ्याच्या पाठीला कॅलेंडरचं पान निघालं.
तमिळ. अक्षरं जिलबीसारखी, मला न लागणारी.
आकडे लागले.
अकरा तारखेभोवती निळ्या पेनाचा गोल.
म्हणजे माझ्याआधी कुणीतरी
याच जागी हात घातला होता.
त्याच्याकडं प्लाय नसेल,
किंवा मालकानं पैशाला हात लावू दिला नसेल.
भिंतीवरचं पान होतं, वाटीत खळ होती.
जमली तेवढी खोट त्यानं घातली.
अकराला काय होतं कुणास ठाऊक.
लेकीचं लग्न असेल. गाडी द्यायची तारीख असेल.
आमच्या धंद्यात गोल हिलाच पडतो
आणि हीच चुकते.

पुठ्ठा भंगारात गेला. पान टाकवलं नाही.
प्लायला आतल्या अंगानं चिकटवलं, वर वार्निशचा हात.
बिलात धरलं नाही.

दिवेलागणीला शेठ आले.
दार लावलं.
आधी वाजायचं रिकाम्या डब्यागत,
आता नुसतं थप्प,
गादीवर लोड पडावा तसं.
उघडलं. परत लावलं.
किल्ली खिशातच.
पंक्चरवाला हातातली ट्यूब तशीच धरून बघायला आला.
पाचव्यांदा का सहाव्यांदा
दारावर तळवा ठेवून शेठ म्हणाले,
"दस्तगीर, आत काय काय घातलंस?"

म्हटलं, तांबं.