गमबूट

पाडेरच्या दवाखान्यात मी दुभाषा.
पगार महिन्याचा, शब्द रोजंदारीचे.

डॉक्टरांनी कागदावर एक अळी काढली, दोऱ्याएवढी.
म्हणाले, आस्वा नदीकाठच्या काळ्या माशीतून ही येते,
कातडीखाली वर्षानुवर्षं राहते.
तिच्याशी लढायला शरीर प्रतिपिंडं बनवतं.
प्रतिपिंडाला आमच्या आचोलीत शब्द नाही.
मी म्हटलं, रक्तातले शिपाई.

अचिरो ऐकत होती, जमिनीकडे बघत.
मांडीला टेकून लामुनु,
बारा वर्षांची, दिसायला सात.
कमरेला दोरीचा वळ.
आई शेतावर गेली की शियाच्या झाडाला बांधलेली असते,
एकदा चुलीत पडली तेव्हापासून.

अळीच्या अंगात एक प्रथिन असतं, डॉक्टर सांगत होते,
तसंच, जवळजवळ तसंच, पोरीच्या मेंदूतही.
शिपायांना फरक कळत नाही.
असं आम्हाला वाटतं, ते म्हणाले.
अजून नक्की नाही.

मी शब्द जुळवत होतो.
कुंपणानं शेत खाल्लं, असं काहीसं सांगणार,
तेवढ्यात अचिरो म्हणाली,
गमबूट.

काय?

छावणीत असताना माझा भाऊ, न्येको,
चिखल होता म्हणून गमबूट घालून सरपणाला गेला.
बंडखोरही गमबूट घालायचे.
शिपायानं लांबून पाय पाहिले.
तोंड बघायला जवळ आलाच नाही.
वाईट नव्हता तो पोरगा. मागाहून रडला.
आमच्याच राखणीला ठेवलेला.

मग तिनं विचारलं, मला, डॉक्टरांना नाही,
हिच्या डोक्यात गमबूट कुणी घातले?
काढून ठेवता येतील का?

मी दोन्ही प्रश्न पलीकडे नेले.
डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं,
झटक्यांच्या गोळ्या लिहिल्या. दिवसातून दोनदा.

दुपारी पायरीवर अचिरोनं डबा उघडला.
नाचणीचा गोळा, तिळाचं वाटण.
वास आला तशी लामुनुची मान खाली गेली,
वर, खाली, पुन्हा खाली,
जणू आतून कुणी काही विचारत होतं
आणि ती सगळ्यालाच हो म्हणत होती.

अचिरोनं हनुवटीखाली तळहात धरला
आणि थांबली.
दुसऱ्या हातातल्या घासावर मुंगी चढली.
तिनं फुंकून उडवली.
घास तसाच धरला.