वैशाखातली चादर

नीलमनगर. दुसरी पाळी सुटून आलो,
रात्रीचे बारा, भिंती अजून तापलेल्या,
आणि साईचरण डोक्यावरून चादर घेऊन.
सोलापुरात. वैशाखात.

चादर मीच विणलेली, मोरांची, सेकंड माल.
वीण दाट, तरी एका मोराच्या पोटातून
निळा उजेड हलत होता.

आवाज असेल, नसेल.
बावीस वर्षं लूमवर, कान अर्धे गेलेत.

ओढली चादर. त्यानं फोन पालथा घातला.
त्याचा चेहरा बघितला, आणि उगारलेला हात
कुठं ठेवावा कळेना.
अकरा वर्षांचा. दुधाची एक दाढ अजून हलतेय.

सकाळी लावण्यानं फोनला कुलूप घातलं,
काय काय बंद केलं ते दाखवलं. मी मान हलवली.
धागा तुटला की माग थांबतो आपला आपण,
गाठ हातानंच मारावी लागते.

भाकरी, शेंगाचटणी. त्याच्या शेजारी बसलो.
म्हटलं, तुझ्याएवढा होतो,
कारखान्यामागं एकानं मलाही फोटो दाखवलेले.
कुणाला विचारायचं, ठाऊक नव्हतं.
तू विचार.

तो पुटपुटला काहीतरी, भाकरीकडं बघत.

जोरात, म्हटलं.
मला कमी ऐकू येतं.