मयेकर साहेबांची सायकल

मॅडम, सीट दोन बोटं खाली घेतलीय तुमच्यासाठी.
चेनला तेल दिलंय. मागचा ब्रेक ओरडतो,
ओरडू द्या,
त्यानं कुत्री आधीच बाजूला होतात.

रस्ता विचारलात म्हणून सांगतो.
केजातून निघायचं ते तांबडं फुटायच्या आत,
कारखान्याच्या ट्रॉल्या सुटायच्या आधी.
दिवाळीनंतर डांबरावर ऊस सांडलेला असतो,
पाचट चाकात गुंततं.
ट्रॉलीला मागं दिवा नसतो, पुढं टेप असतो.
गाणं ऐकू आलं की सरळ मातीत उतरा,
आपला हक्क बिक्क मनात आणू नका.

नेकनूरच्या अंगानं गेलात
तर चढ डोळ्याला दिसत नाही, मांडीला कळतो.
साहेब म्हणायचे, हन्नान,
आमच्या कोकणातला चढ समोर उभा राहून शिव्या घालतो,
हा तुमचा बालाघाट
हसत हसत उसने मागतो.

मांजरसुंब्याला पोचलात की चहा घ्या आणि मागं फिरा.
घाट उतरायचा मोह होतो.
उतार उधारीवर मिळतो, मॅडम,
वसुली परतताना, बाराच्या उन्हात.
तिथं बसून आम्ही पवनचक्क्या मोजायचो.
एक कायम बंद.
तिला धरायचं का सोडायचं,
यावरून साहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

पण तुम्ही धनेगावच्या वाटेलाच लागाल, बघा.

साहेब मालवणचे. रुजू झाले त्याच दिवशी
दुकानात आले, हवा भरायच्या निमित्तानं,
म्हणाले, इथून समुद्र किती लांब?
मी म्हणालो, कोणत्या बाजूनं?
ते हसले नाहीत.

म्हणून रविवारी मी माझी बावीसची काढली,
त्यांना धरणाकडं नेलं.
भिंतीकडं नाही. मागं, फुगवट्याला,
जिथून गाव उठलं
पण रस्ता उठला नाही.
तो तसाच पाण्यात जातो.
खरंच जातो. डांबर, कडेची खडी,
मैलाचा दगड, त्यावर कळंब,
आणि पुढचा आकडा शेवाळानं खाल्लेला.

साहेबांनी पुढचं चाक पाण्यात घातलं.
बोट बुडवलं, जिभेला लावलं,
आणि थुंकून म्हणाले,
अगदीच अळणी रे!
त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मग दर रविवारी तेच.
उन्हाळा लागला की पाणी मागं सरकायचं
आणि आपला रस्ता लांबत जायचा.
साहेब पावलं टाकून मोजायचे,
वहीत लिहायचे, आज चाळीस पावलं जास्त.
बँकेत एवढ्या आनंदानं कुणी काही लिहिलं नसेल.

एक साल धरण पार बसलं.
टँकर सुरू झाले, लोक हंडे घेऊन उभे,
आणि आम्ही दोघं भेगाळलेल्या गाळातून सायकली हाणत
मोरीपर्यंत, मोरीपुढं,
माझ्या खालाच्या चुलीच्या दगडांपर्यंत गेलो.
तिथं एक वळण होतं.
मी घंटी वाजवली.
साहेबांनी विचारलं, कुणासाठी?
मी म्हणालो, वळण आहे ना.

नंतर त्यांची बदली झाली, गावाकडंच.
सायकल ठेवून गेले. म्हणाले,
तिकडचं खारं वारं हिला आठ दिवसांत खाईल.
एकदा फोन आला. ऐक, म्हणाले,
आणि फोन लाटेसमोर धरला बहुतेक.
मला लांबून ट्रॉली आल्यासारखं वाटलं.
मी दुकानातल्या दुकानात
बाजूला झालो.

तर, पुढच्या चाकात हवा थोडी कमी ठेवलीय,
शेवटचा पट्टा चिखलाचा आहे.
पंप नळीला बांधलाय, टिकल्या डबीत.
पाण्याच्या दोन बाटल्या न्या,
धरणाचं पिऊ नका.
चाखायचं तर चाखा.